मास्तरांच्या वाक्यातली बायको

दर्यापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे मोहरील मास्तर मराठीत फारसे बोलत नसत. नाव गोपाळकृष्ण, अंगाने काटकुळे, चालणं नाकासमोर, आणि बोलणं म्हणाल तर तोंडात कायम मूग धरलेले. भाजीवालीने काही विचारलं की मान हलवायची, शेजाऱ्याने खुशाली विचारली की हसायचं, एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. संसार म्हणजे तरी काय, एक खोली, एक स्टोव्ह आणि खुंटीवर टांगलेले दोन कोट. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत नाव घ्यायची वेळ आली तेव्हा या गृहस्थाने घास घशात अडकल्याचं सोंग करून सुटका करून घेतली होती. पण हाच माणूस खडू हातात घेऊन फळ्यापुढे उभा राहिला की निराळाच व्हायचा. इंग्रजीत त्यांची जीभ सैल सुटायची. त्या भाषेत आपलं कोणी ऐकत नाही, असं त्यांना मनातून वाटत असावं.

ही हकीकत छप्पन-सत्तावन्न सालातली. मिडलच्या वर्गाला तेव्हा जे पुस्तक होतं त्यात जॉन नावाचा एक मुलगा होता. तो रोज दूध प्यायचा, शाळेत जायचा, आणि त्याचा कुत्रा भुंकायचा. दर्यापूरच्या पोरांना जॉनशी काही देणंघेणं नव्हतं आणि कुत्रे गावात पुष्कळ होते. मास्तरांनी पुस्तक मिटून ठेवलं. साधा वर्तमानकाळ म्हणजे रोजच्या खऱ्याचा काळ, असं त्यांनी पोरांना सांगितलं. सूर्य उगवतो, बैल ओढतो, आई भाकरी थापते. कालही केलं, आजही करतो, उद्याही करणार, ते या काळात बोलायचं. म्हणून या काळात खोटं बोलायचं नाही. जे रोज होत नाही ते वाक्य माझ्या वर्गात चालणार नाही, अशी त्यांची ताकीद होती.

पोरांना हे आवडलं. एकेक जण उठून आपलं घर सांगू लागला. आय मिल्क द काऊ. वी पिक कॉटन. दे गो टू द मार्केट. मी, आम्ही, तू आणि ते इथवर गाडं सुरळीत चालायचं. अडायचं ते 'तो' आणि 'ती'पाशी. तिथे क्रियापदाला शेपटी लागते, गोचं गोज होतं, ईटचं ईट्स होतं, आणि ती शेपटी पोरं हमखास विसरायची. सरावाला एक 'ती' हवी होती. मास्तरांनी आधी वर्गातल्या मैनेला उभं केलं आणि मैना काय खाते, काय पिते, हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. पोरं फिदीफिदी हसली, मैना रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील खुशालराव, नदीकाठच्या काळ्या वावराचे धनी, फेटा सावरत शाळेत आले. चारचौघांत पोरीचं नाव घेणं बरं दिसत नाही, एवढंच ते अदबीने म्हणाले. मास्तरांना ते पुरेपूर पटलं.

मग प्रश्न पडला, 'ती' आणायची कुठून. वर्गात नसलेलं, कोणी भांडायला येणार नाही असं माणूस हवं. मास्तर फळ्यावर खडू टेकवून उभे राहिले. बाहेर ऊन पडलं होतं, शाळेमागच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, वर्ग वाट बघत होता. आणि मास्तरांच्या तोंडून आपसूक निघालं, "माय वाइफ."

तीन-चार पोरं पुढे सरकून बसली. मास्तर म्हणाले, "हर नेम इज कुंदा." मराठीत त्यांनी हे नाव मेले तरी घेतलं नसतं. त्या काळात कोण घ्यायचं? इंग्रजीत ते इतकं सहज घेता आलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं.

खरं काय होतं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण मास्तर काही ते आपल्या तोंडाने सांगणार नाहीत. कुंदा ही अकोल्याच्या कमलाकांत असनारे वकिलांची मुलगी. लग्नानंतर दीड वर्ष ती मास्तरांबरोबर अमरावतीला, अंबापेठेतल्या दोन खोल्यांत राहिली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि त्याच सुमारास मास्तरांना दर्यापूरची नोकरी लागली. मुलगी झाली, आणि दोन दिवसांत गेली. निरोप आला तेव्हा पूर्णेला पूर होता, अकोल्याची वाट बंद होती. मास्तर पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ते सासऱ्यांच्या ओसरीवर बसले, दिलेला चहा प्यायले, कुंदाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तिने मान वर केली. आणि यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. थोडा वेळ उभे राहून ते परत फिरले. बाहेरून दिसला तो एक कोट घातलेला मुका माणूस.

तेव्हापासून कुंदा अकोल्यातच होती. बाळंतपणाला आलेल्या मुलीला न्यायला सासरचं वडीलधारं माणूस यावं लागतं, ओटी भरून, रीतसर मागणी करून. मुलगी आपल्या पायांनी परत जात नाही. आता सासरी होतं कोण? मास्तरांचे आईवडील लहानपणीच वारलेले, लग्न जमवणारे चांदूर रेल्वेचे काकाही मागल्या साली गेले. उरले मास्तर. ते दोनदा अकोल्याच्या स्टेशनापर्यंत गेले, फलाटावरच्या बाकावर बसले, आणि परतीच्या गाडीने माघारी आले. बायको परत यावी, याखेरीज त्यांना जगात काही नको होतं. त्यासाठी तोंड उघडावं लागणार होतं, आणि तेच त्यांच्या जिवावर येत होतं. असं करता करता दोन वर्षं होत आली.

तर वर्गात कुंदा आली आणि मुक्कामालाच राहिली. शी राइजेस अर्ली. शी वॉटर्स द प्लँट्स. शी सिंग्ज इन द इव्हनिंग. हे खोटं होतं असं कसं म्हणावं? दोन वर्षांपूर्वी हे रोजचंच होतं. कुंदा पहाटे उठायची, गॅलरीतल्या डब्यांतल्या झाडांना पाणी घालायची, दिवेलागणीला हलक्या आवाजात काहीबाही गुणगुणायची. मास्तरांनी ते सगळं उचललं आणि आजचं केलं. चाळीस पोरं एका सुरात म्हणू लागली की मास्तरांचे डोळे खिडकीबाहेर लागायचे. इतक्या तोंडांनी म्हटलेली गोष्ट कुठेतरी घडत असणारच, असं त्यांना वाटायचं. पोरं शेपट्या लावण्यात तरबेज झाली आणि मास्तर स्वप्नात राहायला गेले.

पुढे प्रश्न आले. 'डज' वाक्याच्या तोंडाशी येऊन बसला की शेपटी त्याच्याकडे जाते, क्रियापद पुन्हा बोडकं. पोरांना जॉनबद्दल विचारण्यासारखं काही नव्हतं, पण मास्तरांच्या बायकोबद्दल होतं.

"डज शी मेक पुरणपोळी?"

"येस, शी डज."

"डज शी बीट यू?"

"नो, शी डज नॉट बीट मी," मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि वर्गाने बाकं बडवली. तिला कारलं आवडत नाही, हे नकाराच्या दिवशी ठरलं. तिला बोरं फार आवडतात, हे त्याच दिवशी कोणीतरी विचारून घेतलं. ती कुठे राहते? अमरावतीला. मास्तर दर शनिवारी अमरावतीची मोटार धरतात हे गावाला माहीत होतंच, म्हणून पोरांनी स्वतःच पुढचं वाक्य रचलं, शी वेट्स फॉर हिम ऑन सॅटर्डे. मास्तरांनी ते वाक्य दुरुस्त करायला खडू उचलला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

एकदा मैनेने विचारलं, "डज शी कम टू दर्यापूर?"

मास्तर फळ्याकडे वळले. नो, शी डज नॉट कम टू दर्यापूर, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, आणि लिहिताना खडू मोडला. मैना बसायला तयार नव्हती. "व्हाय डज शी नॉट कम?" असं तिने शेपटी-डोकं सगळं जागच्या जागी ठेवून विचारलं. वाक्य अगदी बरोबर आहे, असं मास्तर म्हणाले. मग घंटा झाली.

शनिवारचं त्यांचं जाणं म्हणजे निव्वळ तंद्री. दुपारी शाळा सुटली की ते मोटारीत खिडकीशी बसायचे. वलगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, काळ्या मातीवर नजर जाईल तिथवर पांढरं पांढरं, त्यात वेचणाऱ्या बायांची लुगडी. धुळीतून ऊन गाळून यायचं. मास्तरांना झोपही लागायची नाही आणि जागही राहायची नाही. कुंदा आता उठली असेल, तिने केस विंचरले असतील, गॅलरीत येऊन रस्त्याकडे बघितलं असेल. अंबापेठेतल्या खोल्या त्यांनी अजून सोडल्या नव्हत्या, तिथलं ते कुलूप काढायचे. वाळत चाललेल्या झाडांना पाणी घालायचे, खोली झाडायचे, आणि मग भिंतीशी बसून त्या रिकाम्या खोलीत चक्क मराठीत बोलायचे. कोणत्या पोराने काय विचारलं, हेडमास्तर काय म्हणाले, या खेपेला कापसाची पऱ्हाटी कशी आहे, सगळं. असं बोलायला लागले की खिडकीतला उजेड कधी गेला ते त्यांना कळायचं नाही. रविवारी संध्याकाळी पुन्हा कुलूप लावून परत.

पण हे एकट्याचं स्वप्न राहिलं नाही. पोरं घरी जाऊन आईबापांना सांगणारच. मास्तरांच्या वर्गात खोटं वाक्य चालत नाही, हे साऱ्या गावाला माहीत, त्यामुळे कुंदाबाईंवर कोणी शंका घेतली नाही. उलट गावातल्या बायांना तिची माया लागली. नवरा आठवडाभर इकडे, बिचारी तिकडे एकटी झाडांना पाणी घालते. शनिवारी मास्तरांच्या खोलीच्या दारात पिशव्या येऊन पडायला लागल्या. बोरं, मुगाच्या शेंगा, अंबाडीची भाजी, वाळकं. मैनेची आई मनकर्णाबाई, तिने तर संक्रांतीला हिरवा खण दिला आणि बाईले सांगजा, म्हणाली, एकदा इकडं येऊन जाय म्हना. मास्तरांनी मान हलवली. त्या पिशव्या घेऊन मोटारीत बसताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाजी-बोरं ते अंबापेठेत शेजाऱ्यांना वाटून टाकायचे, पण तो खण कोणाला देता येईना. तो त्यांनी नीट घडी घालून खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवला.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला खुशालरावांचा धुऱ्याचा, म्हणजे वावराच्या बांधाचा, वाद कोर्टात गेला. तारखा अकोल्याला, आणि वकील कोण, तर कमलाकांत असनारे. खुशालराव ओसरीवरच्या बाकावर बसून होते. वकिलांनी आत हाक मारली, कुंदा, यांना पाणी दे. वयाचा अंदाज चुकेल अशी सडसडीत, डोळे विझलेली बाई तांब्या घेऊन आली. नाव ऐकून खुशालरावांनी सहज सांगितलं, की आमच्या दर्यापूरच्या मोहरील मास्तरांच्या मंडळींचंही हेच नाव. वकिलांची लेखणी थांबली. ते माझे जावई, असं ते कोरडेपणाने म्हणाले.

खुशालरावांना काही उमगेना. भाबडेपणाने ते बोलून गेले, "पन बाई, तुमी तं अमरावतीले रायता ना? आमची पोट्टी रोज म्हनते. झाडाले पानी घालता, गानं म्हनता, शनवारी मास्तरची वाट पायता."

कुंदाने तांब्या खाली ठेवला. आणखी काय म्हणते मुलगी, असं तिने विचारलं. मैनेच्या घोकण्याने खुशालरावांना ती वाक्यं इंग्रजीतच पाठ झाली होती. कुंदा मॅट्रिक झालेली. त्या बाकाशी उभी राहून तिने एकेक वाक्य त्यांच्याकडून म्हणून घेतलं, आणि शेवटी, बोरं आवडतात हेही लक्षात आहे त्यांच्या, एवढंच म्हणून ती आत गेली.

हे मास्तरांना कळलं ते बाजाराच्या दिवशी. अकोल्याला बाई भेटल्या, असं खुशालराव म्हणाले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आता गाव आपल्याला खोटारडा म्हणेल, हे तर होतंच. पण कुंदा काय म्हणेल, या विचाराने त्यांना जेवण जाईना. वर्गात त्यांनी तो धडाच सोडला आणि पोरांना कविता पाठ करायला लावली.

आठवडाही झाला नसेल, दर्यापूरच्या, म्हणजे बनोशाच्या, स्टेशनावर मूर्तिजापूरची छोटी गाडी आली आणि कुंदा उतरली. ती सरळ शाळेत आली. हेडमास्तरांनी तिला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि अगदी कौतुकाने म्हटलं, मोहरील, तुमच्या मिसेस.

मास्तर फळ्याला पाठ लावून उभे राहिले. पोरं मात्र आनंदाने वेडी झाली. जिच्याबद्दल इतके महिने बोलत होतो ती बाई अंगाने, साडीने, चपलांनी समोर उभी! कोणी सांगितलं नाही तरी सगळा वर्ग उठला आणि पहिल्यापासून म्हणू लागला. शी राइजेस अर्ली. शी वॉटर्स द प्लँट्स. कुंदा खुर्चीवर बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणीतरी आपलं हरवलेलं गाठोडं आणून पुढ्यात सोडावं आणि त्यात एकेक ओळखीची चीज निघत जावी, तशी ती बघत होती. वाक्यं संपली. आता समोर 'ती' नव्हती, 'तू' होती, तेव्हा पोरांनी हुशारीने प्रश्न बदलले.

"डू यू लाइक बोर?"

"येस, आय डू."

"डू यू सिंग इन द इव्हनिंग?"

कुंदा जरा अडखळली. "येस," ती म्हणाली, "आय डू." मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ती आपल्याला सांभाळून घेते आहे, हे त्यांना कळलं आणि त्याचीच लाज वाटली.

मग मैना उठली. बापाने घरात तोंडाला कुलूप लावलं होतं, त्यामुळे तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने सरळ मनाने विचारलं, "डू यू वेट इन अमरावती?"

कुंदाने फळ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "नो," ती म्हणाली. "आय वेट इन अकोला."

वर्गात कोणाला काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. कुंदा उठून बाहेर पडली, ते मागोमाग गेले. व्हरांड्याच्या टोकाला कडुनिंबाच्या सावलीत ती थांबली. उन्हाने सगळं मैदान हलल्यासारखं दिसत होतं. मास्तर तिच्या पदराच्या काठाकडे बघत उभे राहिले.

"चाळीस मुलांपुढे माझ्याबद्दल इतकं बोलता," ती म्हणाली. "मी एकटी समोर होते तेव्हा एक शब्द सापडला नाही तुम्हाला."

मास्तर बोटांवरचा खडू कोटाला पुसत राहिले. मग ती परतीच्या गाडीने जाते म्हणाली. आपल्या पायांनी राहायला आले नाही, ऐकायला आले होते. न्यायचं असेल तर रीतीने या, आणि येताना तोंड घेऊन या. एवढं बोलून ती निघाली, आणि मास्तर त्या सावलीत गाडीची शिटी होईपर्यंत उभे राहिले.

संध्याकाळी ते खुशालरावांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाच्या दारी काही सांगायला गेले असतील. खाटेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच थांबून, पण मराठीत. कुंदा अमरावतीला राहत नाही. तिथे कुलूप असतं. तुमची भाजी मी लोकांना वाटली. खण मात्र ठेवलाय. मनकर्णाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. खोटं बोलल्याबद्दल ती काही म्हणाली नाही. लेकरू गेलं, हे ऐकल्यावर तिने फक्त पदर तोंडाला लावला. न्यायला जायचं तर सासरचं माणूस हवं आणि मला कोणी नाही, असं मास्तरांनी शेवटी सांगितलं.

"कोनी नाई कावून म्हनता?" मनकर्णाबाई म्हणाली. "आमी येतो न बाईले न्याले."

ब्राह्मण वकिलाच्या घरी कुणब्याची माणसं सासरची म्हणून कशी जाणार, हे मास्तरांच्या मनात आलं नसेल असं नाही. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि या खेपेला न बोलणं शहाणपणाचं ठरलं. शनिवारी अमरावतीच्या मोटारीने कोणी गेलं नाही. खुशालराव धुतलेलं धोतर नेसून, मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, ओटीचं सामान परातीत बांधून, आणि मधे मास्तर, अशी वरात बनोशाच्या फलाटावर उभी राहिली. छोटी गाडी रमतगमत निघाली. पऱ्हाट्या उपटून वावरं उघडी पडली होती, काळी माती भेगाळून आभाळाकडे बघत पडली होती. मास्तरांना वाटेत एकही स्वप्न पडलं नाही. सारी वाट ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

अकोल्याला खुशालराव सवयीने ओसरीवरच्या अशिलांच्या बाकाकडे वळले. वकिलांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग परातीकडे, मग जावयाकडे. तारीख तर पुढल्या महिन्यात आहे, असं काहीतरी ते म्हणाले. घरातली माणसं दारात जमली. हे लोक कोण म्हणून आलेत, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता आणि विचारायला कोणी धजत नव्हतं.

"हे माझ्याकडचे," मास्तर म्हणाले. आवाज जरा चिरकला, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "कुंदाला न्यायला आलोय."

वकील भला माणूस. त्यांनी क्षणभर चष्मा पुसला आणि बाकावर टेकणाऱ्या खुशालरावांचा हात धरून, व्याही, आज तिथे नाही, आत चला, असं म्हणत त्यांना बैठकीत नेऊन गादीवर बसवलं. पानं मांडायची गडबड सुरू झाली. मनकर्णाबाईने परातीची गाठ सोडली. पण कुंदा पाटावर बसेना. आधी मला यांच्याशी बोलायचंय, असं ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. दोन वर्षांपूर्वी मास्तर जिच्या दारातून परत फिरले होते, तीच ती खोली.

मास्तर आत गेले. मनकर्णाबाईने मागून दार लोटलं.

खोलीत दुपारचा मंद उजेड होता. कुंदा खिडकीशी पाठमोरी उभी होती. गाडीत जुळवलेली वाक्यं मास्तरांनी एकेक करून आठवली. माझं चुकलं, घरी चल, झाडं वाळली आहेत. सगळी बरोबर होती, पण त्यांतलं एकही या खोलीत चालण्यासारखं नव्हतं. मग ते खाली जमिनीवरच बसले.

"मी तिला बघितलंच नाही," ते म्हणाले. "कशी होती गं आपली मुलगी?"

कुंदा वळली. या प्रश्नाची वाट बघत ती दोन वर्षं या घरात बसली होती. दोन वर्षांत कोणीही, अगदी आईनेसुद्धा, तिला हे विचारलं नव्हतं. झालं ते विसर, हेच जो तो सांगायचा. ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"केस खूप होते," ती म्हणाली. "आणि माझं बोट धरून ठेवायची. सोडवलं की रडायची."

बाहेर पानं वाढून झाली. वरणभात निवायला लागला तसे वकील दोनदा दाराशी येऊन गेले. मनकर्णाबाई उंबऱ्यावर बसली होती. उंबऱ्यावर बसू नये हे तिलाही ठाऊक होतं, पण आतून कुंदाचा आवाज येत होता, मधे मास्तर काहीतरी विचारत होते, पुन्हा तिचाच आवाज. मनकर्णाबाईने हाताने खूण करून वकिलांना परत पाठवलं आणि पुढे कितीतरी वेळ कोणालाही आत जाऊ दिलं नाही.